शीर, खीर आणि भाषांचे खानदान

ईदच्या सकाळी आपल्या घराघरांत शीरखुर्मा शिजतो. ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर, एवढे आपल्याला ठाऊक असते. शेजारच्या घरी सणावाराला खीर होते. संस्कृतात दुधाला ‘क्षीर’ म्हणतात. त्या क्षीराची प्राकृतात ‘खीर’ झाली आणि तीच मराठीत आली. फारसीतला ‘शीर’ आणि संस्कृतातला ‘क्षीर’ हे एकाच प्राचीन शब्दाचे दोन वारस आहेत. ईदला आपण शेजारी वाडगा पाठवतो आणि दिवाळीला त्यांच्याकडून वाटी येते, तेव्हा हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली दोन भावंडे एकमेकांच्या उंबऱ्यावर भेटत असतात. आपण मात्र ती परकी समजूनच खातो.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आठवीच्या वर्गात एकदा भाषांचा विषय निघाला असता एका मुलाने विचारले, “सर, मराठी तो उनकीच जबान है ना? अपनी तो उर्दू है.” मुलगा हुशार होता, मनात काही खोट नव्हती. घरीदारी जे ऐकले ते त्याने बोलून दाखवले. त्या क्षणी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ‘तसे काही नसते बेटा’ म्हणून आम्ही फळ्याकडे वळलो. पण प्रश्न पाठ सोडीना, कारण तो त्या मुलाचा एकट्याचा नव्हता.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दूतही नाव लिहिलेले होते. ते उर्दू नाव नको, म्हणून सुरू झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने ती मागणी फेटाळली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, भाषा ही लोकसमूहाची आणि प्रदेशाची असते, आणि उर्दू याच भूमीत जन्मली, असा त्या निकालाचा आशय होता.

आता गंमत पाहा. आमच्या वर्गातला तो मुलगा आणि फलकावरची उर्दू ज्यांना खुपली ते लोक, या दोघांचे एका गोष्टीवर पूर्ण एकमत आहे. भाषेला मजहब असतो, असे दोघेही धरून चालतात. एकाने मराठी ‘त्यांना’ देऊन टाकली, दुसऱ्याने उर्दू ‘यांच्या’ पदरात बांधली. भाषांचा खरा वंशवृक्ष या दोघांनीही पाहिलेला नाही. तो आपण एकदा पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नाते कुणी ओळखले?

उत्तर भारतातल्या बहुतेक भाषा, इराणची फारसी, अफगाणांची पश्तू, कुर्दांची कुर्दी, ग्रीक, लॅटिन, रशियन, जर्मन, इंग्रजी या सगळ्या एका मोठ्या कुळातल्या आहेत. अभ्यासक त्याला इंडो-युरोपीय किंवा भारत-युरोपीय भाषाकूळ म्हणतात. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसे यातली कुठली ना कुठली भाषा मातृभाषा म्हणून बोलतात.

या शोधाचे श्रेय सर विल्यम जोन्स यांना दिले जाते. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे मांडले. तो उगम कदाचित आज शिल्लकही नसेल, असे ते म्हणाले, आणि जुन्या फारसीलाही त्यांनी याच घराण्यात जागा दिली. जोन्स संस्कृतकडे आले ते फारसीच्या दारातून. त्यांचे फारसी व्याकरण १७७१ साली, म्हणजे ते हिंदुस्थानात येण्याच्या बारा वर्षे आधी, प्रसिद्ध झाले होते.

पण जोन्स यांच्याही आधी दोन माणसांना या नात्याची चाहूल लागली होती, आणि त्या दोघांची नावे आपल्याला माहीत असायला हवीत.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि पुढे त्यांनी मराठीत ‘क्रिस्तपुराण’ हे काव्य रचले. ते १६१६ साली छापले गेले. १५८३ साली गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे या नात्याची एक अगदी पहिली नोंद मराठीच्याच एका कवीची आहे!

दुसरे सिराजुद्दीन अली खान आरजू. दिल्लीच्या शायरांचे हे उस्ताद. तरुण मीर तकी मीर दिल्लीत आले तेव्हा काही काळ यांच्याच आश्रयाला होते. आरजूंनी ‘मुस्मिर’ या आपल्या फारसी ग्रंथात फारसी आणि हिंदी (या शब्दात ते संस्कृतही धरीत) यांच्यातल्या साम्याला ‘तवाफुक’ म्हणजे मेळ, जुळणी असे नाव दिले, आणि ही जुळणी आपल्याआधी कुणी दाखवली नाही असा दावाही केला. आरजू १७५६ साली वारले. म्हणजे कलकत्त्याच्या त्या व्याख्यानाच्या निदान तीस वर्षे आधी एका मुसलमान पंडिताने फारसी आणि संस्कृत शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या होत्या. आमच्या शाळांत जोन्स यांचे नाव येते, आरजूंचे येत नाही. उर्दू शाळांतही येत नाही, याचे अधिक वाईट वाटते.

नाते ओळखायचे कसे?

इथे एक शंका येईल. मराठीत ‘टेबल’ आहे, इंग्रजीत ‘जंगल’ आहे. मग काय त्यामुळे त्या बहिणी झाल्या? नाही. शब्द उसने घेता येतात. साखर संपली की आपण शेजारून आणतो, त्याने शेजारीण काही सख्खी बहीण होत नाही. नाते ठरते ते दोन गोष्टींवरून. एक, सहसा उसने न घेतले जाणारे घरचे शब्द, म्हणजे आकडे, आईबाप, हातपाय, पाणी, दूध. दुसरी, उच्चारातला नियमबद्ध बदल. एका भाषेत एक ध्वनी असेल तिथे दुसरीत ठरावीक दुसराच ध्वनी येतो, आणि तो एका शब्दात नव्हे तर शब्दांच्या रांगेत येतो.

फारसी आकडे मोजून पाहा: पंज, शश, हफ्त, हश्त, नुह, दह. आता संस्कृत: पंच, षष्, सप्त, अष्ट, नव, दश. लॅटिनमध्ये सात म्हणजे सेप्तेम, आठ ओक्तो, नऊ नोवेम, दहा देकेम. रोमन लोकांचे जुने वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे त्यांचे सातवा, आठवा, नववा आणि दहावा महिने. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये आपलेच सात, आठ, नऊ, दहा लपलेले आहेत. पुढे बाप पाहा: पितृ, पिदर, लॅटिनचा पातेर, इंग्रजीचा फादर. भाऊ पाहा: भ्रातृ, बिरादर, ब्रदर. आपल्या ‘बिरादरी’तला भाऊ आणि मराठीतला ‘भाऊ’ एकाच मुळाचे.

नियमबद्ध बदलाचे उदाहरण म्हणजे ‘स’ आणि ‘ह’. संस्कृतात जिथे ‘स’ आहे तिथे इराणी भाषांत पुष्कळदा ‘ह’ येतो. सप्तचा हफ्त झाला, मासचा माह झाला, वेदांतल्या सोमाचा पारशांच्या अवेस्तात हओम झाला. गावात ‘हरिनाम सप्ताह’ भरतो आणि बँकेचा ‘हफ्ता’ भरावा लागतो. दोन्हींत तोच सात दिवसांचा शब्द आहे. आणि याच नियमाने ‘सिंधु’चा ‘हिंदु’ झाला. इराणी लोकांनी सिंधू नदीला आणि तिच्या काठच्या मुलखाला हे नाव दिले, ग्रीकांनी त्यातला ‘ह’ गाळला आणि पुढे ‘इंडिया’ झाले. ज्या शब्दावरून आज एवढे रण माजते, तो शब्द या देशाला फारसीच्या पूर्वजाकडून मिळालेला आहे. ज्यांना फारसी शब्द मराठीतून हाकलायचे आहेत, त्यांनी सुरुवात कुठून करायची ते ठरवावे.

आणखी दोन जोड्या सांगतो. फारसी ‘गर्म’ आणि संस्कृत ‘घर्म’ एकच. या घर्माचा मराठीत ‘घाम’ झाला. गरम होते म्हणून घाम येतो, आणि शब्दही एकाच घरचे! संस्कृत ‘चक्र’ फारसीत ‘चर्ख’ झाले, आणि तिथून आपल्याकडे ‘चरखा’ आला. कुंभाराचे चाक आणि सेवाग्रामचा चरखा हे भाऊभाऊ आहेत.

अरबीचे काय?

आता अरबी मोजा: वाहिद, इस्नान, सलासा, अर्बआ, खम्सा. काहीच जुळत नाही. सोलापूर-अक्कलकोटकडच्या वाचकांना कन्नड आकडे येत असतील: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. तेही जुळत नाहीत. कारण अरबी सेमिटिक कुळातली आहे आणि कन्नड द्राविडी कुळातली. अरबीच्या सख्ख्या भाषा म्हणजे यहुद्यांची हिब्रू, हजरत ईसांच्या काळची अरामी आणि इथिओपियाची अम्हारिक. अरबीत बहुधा तीन अक्षरांच्या धातूभोवती शब्द फिरतात. क-त-ब या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब, मक्तूब असे शब्द तयार होतात. ही घडण मराठी, उर्दू, फारसी यांपैकी कुणाचीच नाही.

म्हणजे जी अरबी आपल्याला सर्वांत पवित्र, ती आपल्या भाषाकुळातली नाही, आणि ज्या संस्कृतला आपण दूरची समजतो, ती उर्दूच्या आजीच्या पिढीतली आहे. हे ऐकून कुणी बिचकू नये. अरबीशी आपले नाते ईमानाचे आहे, ते कुठल्या वंशवृक्षावर अवलंबून नाही. शिवाय शेजारधर्म पहिल्यापासून आहेच. मौलाना सय्यद सुलेमान नदवींनी ‘अरब व हिंद के ताल्लुकात’ या ग्रंथात कुरआनातल्या मिस्क, जंजबील आणि काफूर या तीन शब्दांचा हिंदुस्थानशी संबंध दाखवला आहे. यातले जंजबील म्हणजे सुंठ, संस्कृतातले ‘शृंगवेर’. व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर आले मसाल्याच्या डब्यात आले आणि शब्द अरबीत गेला.

‘दस्तखत’ या एका शब्दात ही सगळी गोष्ट सामावली आहे. ‘दस्त’ म्हणजे हात, तो संस्कृत ‘हस्त’ याचा इराणी भाऊ. ‘खत’ म्हणजे लिखाण, तो अरबी. मराठीत याच अर्थाने ‘हस्ताक्षर’ आहे. तलाठ्याच्या कागदावर सही करताना आपण दोन भाषाकुळांना एका रेघेवर आणतो.

बोलणारे कोण होते?

हे मूळ कुटुंब राहत होते कुठे? यावर दोनशे वर्षे वाद चालला. आज बहुतेक अभ्यासक काळ्या समुद्राच्या आणि कास्पियन समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशाकडे, म्हणजे आजच्या युक्रेन आणि दक्षिण रशियाकडे बोट दाखवतात. इसवी सनापूर्वी सुमारे ३३०० ते २६०० या काळात तिथे गुरे राखणारे, बैलगाड्या वापरणारे लोक होते. उत्खननात त्यांना ‘यामनाया’ संस्कृती असे नाव मिळाले आहे. २०१५ सालापासून जुन्या हाडांतल्या जनुकांच्या अभ्यासाने या मताला बळ दिले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आणखी मागे जाऊन कॉकेशस आणि खालच्या व्होल्गा नदीमधल्या लोकांपर्यंत माग काढला आहे.

भारतापुरते बोलायचे तर २०१९ साली दोन महत्त्वाचे शोधनिबंध आले. हरियाणातल्या राखीगढी इथे सापडलेल्या सिंधू संस्कृतीच्या काळातल्या एका स्त्रीच्या सांगाड्यात त्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा अंश आढळला नाही. तो अंश भारतात इसवी सनापूर्वी २००० ते १५०० च्या सुमारास आला, असे दुसऱ्या निबंधाने दाखवले. आज तो कमीअधिक प्रमाणात आपल्यापैकी बहुतेकांत आहे, आणि सिंधू संस्कृतीच्या लोकांचा अंशही आहे. इथे शुद्ध कुणीच नाही. ना ते, ना आपण.

या कुळाचे सर्वांत जुने लिखित पुरावे सापडले ते आजच्या तुर्कस्तानात. अंकाराच्या पूर्वेला बोगाजकोय गावाजवळ १९०६ पासूनच्या उत्खननात मातीच्या हजारो विटा मिळाल्या. ती होती हित्ती राजांची दफ्तरे. १९१५ साली चेक पंडित बेद्रिख ह्रोज्नी यांनी ही भाषा इंडो-युरोपीय असल्याचे दाखवले. त्यांना वाट दाखवली ती भाकरीपाण्याच्या एका वाक्याने. हित्तीत पाणी म्हणजे ‘वातर’. इंग्रजी ‘वॉटर’ आणि आपले ‘उदक’ त्याच घरचे. याच दफ्तरात इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला हित्ती व मितान्नी राजांचा एक तह आहे. मितान्नींचे राज्य आजच्या सीरिया आणि उत्तर इराकच्या भागात होते. त्या तहात साक्षीला मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य या देवांची नावे आहेत. आणि घोडे शिकवण्याच्या एका मितान्नी ग्रंथात फेऱ्या मोजण्यासाठी ऐक, तेर, पंज, सत्त, न असे आकडे येतात.

तिकडे चीनच्या शिनजियांग प्रांतात, कुचा आणि तुर्फानच्या वाळवंटात, तोखारी भाषेच्या बौद्ध पोथ्या सापडल्या. त्यांत बाप म्हणजे ‘पाचेर’, आई म्हणजे ‘माचेर’. आज त्या भागात उइगुर मुसलमान राहतात आणि त्यांची भाषा तुर्की कुळातली आहे. बोगाजकोयच्या आसपासही आज तुर्की बोलली जाते. याचा अर्थ तिथली सगळी जुनी माणसे नाहीशी झाली असा नाही. पुष्कळदा माणसे तीच राहतात, भाषा बदलते.

भाषा म्हणजे रक्त नव्हे

हीच गोष्ट विसरल्यामुळे जगात मोठा अनर्थ झाला. ‘आर्य’ हा शब्द वेदांतही आहे आणि इराणच्या दारियस बादशहाच्या शिलालेखातही आहे. ‘इराण’ हे नाव त्यातूनच आले. भाषापंडितांनी तो भाषांच्या गटासाठी घेतला आणि पुढे लोकांनी त्याचा वंश केला. माक्स म्युल्लर यांनी १८८८ साली बजावले की आर्य ही भाषेची संज्ञा आहे, रक्ताची किंवा कवटीच्या मापाची नाही. कुणी ऐकले नाही. नाझींनी याच शब्दाच्या नावाने लाखो यहुदी मारले. त्याच काळात युरोपात राहणारे रोमा लोकही मारले गेले. हे रोमा हिंदुस्थानातून गेलेले, त्यांची भाषा आपल्या भाषांची नात्यातली. म्हणजे ‘आर्य’ नावाने जे मारले गेले त्यांत खरी भारतीय आर्य भाषा बोलणारेही होते!

महाराष्ट्रातही या सिद्धान्ताने तीन वाटा घेतल्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त इराणकडून आलेल्या आर्यांनी इथल्या शूद्रातिशूद्रांना गुलाम केले, असे मांडले. टिळकांनी १९०३ साली आर्यांचे मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली शूद्रांविषयीच्या ग्रंथात आर्य वंशाची कल्पनाच नाकारली. तिघांचे हेतू वेगळे होते. पण भाषेवरून माणसाचा वंश ठरवू नये, हा बाबासाहेबांचा मुद्दा आज सर्वांत टिकाऊ ठरला आहे.

आपल्याच इतिहासातले उदाहरण घ्या. बाबराने आपले चरित्र तुर्कीत लिहिले. ती भाषा या कुळातली नाही. त्याच्या नातवाला, अकबराला ते वाचून दाखवता यावे म्हणून १५८९ साली अब्दुल रहीम खान-ए-खानान यांनी त्याचा फारसी तर्जुमा केला. आणि त्याच घराण्याचा शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर उर्दूचा शायर म्हणून अमर झाला. खानदान एक, मजहब एक, भाषा तीन.

मजहबानेही भाषा ठरत नाही. इजिप्त आणि शाम इस्लामनंतर अरबी बोलू लागले, इराण फारसीच बोलत राहिला आणि १०१० च्या सुमारास फिरदौसीने ‘शाहनामा’ पुरा केला. माल्टा बेटावरचे लोक कॅथलिक ख्रिस्ती, पण त्यांची भाषा अरबीची लेक. बोस्नियाचे मुसलमान स्लाव्ह भाषा बोलतात. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात तरुणांनी बंगालीसाठी प्राण दिले. समोर गोळ्या घालणारे सरकारही मुसलमानांचेच होते. बंगाली, उर्दू, पंजाबी, सिंधी, फारसी, पश्तू, कुर्दी असे सगळे मोजले, तर अरबी मातृभाषा असलेल्या मुसलमानांपेक्षा इंडो-युरोपीय भाषा बोलणारे मुसलमान कितीतरी अधिक भरतात.

आपल्या घरात

आता घरी येऊ. उर्दूची लिपी अरबी-फारसी वळणाची, पण लिपी म्हणजे पोशाख. कोकणी तर देवनागरी, रोमन, कन्नड आणि अरबी अशा चारही पोशाखांत वावरली आहे. ‘फरहंग-ए-आसफिया’ या मोठ्या उर्दू कोशात सुमारे ५४,००० शब्द आहेत. त्यांतले अरबी सुमारे ७,५००, फारसी सुमारे ६,०००. बाकी बहुतेक इथलेच. आणि क्रियापदांचे पाहा: करना आणि करणे, खाना आणि खाणे, मरना आणि मरणे. व्याकरणाचा कणा हिंदुस्थानी आहे.

मराठीकडून पाहिले तरी तेच. जमीन, गरम, हजार, बंदोबस्त, दस्तऐवज हे फारसीतून आले. वकील, अर्ज, हुकूम, खर्च हे अरबीतले. शिवाजी महाराजांनी १६७७ च्या सुमारास रघुनाथ पंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वतंत्र राज्याला स्वतःची राज्यभाषा हवी, हा तो विचार होता. पण पुढे राज्याचा कारभार पाहणाऱ्याचे नाव १८१८ पर्यंत फारसी ‘पेशवा’ हेच राहिले. माधव जूलियन यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, आणि औरंगाबादेत बसून मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरच्या फारसीच्या परिणामावर उर्दूत पुस्तिका लिहिली. एक मराठी कवी फारसीचा कोश करतो आणि उर्दूचे ‘बाबा’ मराठीचा अभ्यास करतात. ही आपली परंपरा आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ तर त्याच्याही आधीचा, १६४५ चा.

एक नाजूक गोष्टही बोलली पाहिजे. कुरआनात ‘सलात’ आहे, ‘सौम’ आहे. आपण म्हणतो ‘नमाज’ आणि ‘रोजा’. हे दोन्ही फारसी शब्द. ‘नमाज’चे मूळ संस्कृत ‘नमस्’शी जुळते, म्हणजे झुकणे. ‘रोज’ म्हणजे दिवस, त्याचे नाते प्रकाशवाचक ‘रुच्’ धातूशी आहे. शब्दांची मुळे एक आहेत म्हणून इबादती एक होत नाहीत, हे स्पष्टच आहे. तौहीदला त्याने धक्का लागत नाही. पण अलीकडे ‘खुदा हाफिज’ म्हणणाऱ्याकडे वाकड्या नजरेने पाहणारे लोक भेटतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी शतकानुशतके ज्या शब्दांत सिजदा केला, ते शब्द कमी दर्जाचे कसे ठरतील?

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या मुलाला उभे केले आणि विचारले, “बेटा, तू ‘उनकीच’ म्हणालास. दिल्ली-लखनौचा माणूस ‘उनकी ही’ म्हणेल. हा ‘च’ तू कुठून आणलास?” तो गोंधळला. वर्ग हसू लागला. हा ‘च’ मराठीचा आहे. आपल्या दखनीत तो शेकडो वर्षे नांदतो आहे, ‘नक्को’सुद्धा तिथूनच आला आहे. मराठी परकी आहे हे सांगायलासुद्धा त्या मुलाला मराठीच लागली!

मग आम्ही फळ्यावर पाच रांगांत आकडे लिहिले: उर्दू, मराठी, फारसी, इंग्रजी, अरबी. मुलांनी स्वतःच चार एकीकडे घेतल्या आणि पाचवी वेगळी काढली. आमच्या मुलांना मराठीच्या पेपराची धास्ती असते, त्यापायी पुढे नोकरीच्या परीक्षा हुकतात, तहसील कचेरीत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. भाषा अवघड आहे म्हणून हे होत नाही. ती आपली नाही असे आधीच ठरवलेले असते, म्हणून होते. बहिणीच्या घरी जाताना कुणी दार वाजवून परवानगी मागत नाही.

फलकावरची उर्दू राखायला न्यायालय आहे. आपल्या मुलांच्या मनातली मराठी राखायचे काम मात्र आपले आहे. या ईदला शीरखुर्मा वाढताना मुलांना एवढे जरूर सांगा, की शेजारच्या वाटीतली खीर तुमच्या शीरची सख्खी बहीण आहे.